पुस्तिकेच्या क्रमाने

"सदनिका क्रमांक सातमधील कुटुंबाने पुनर्वापराच्या कचऱ्यात निषिद्ध वस्तू पाच वेळा, जाणूनबुजून अथवा अजाणतेपणी, मिसळल्या असून, विभागाच्या मार्गदर्शिकेने प्रत्येक वेळी प्रत्यक्ष घरी येऊन कुटुंबातील जबाबदार व्यक्तीस नियम समजावून सांगितल्यानंतरही सदर वर्तनात सुधारणा आढळून आलेली नाही." घनकचरा विभागाचे हे वाक्य मी दारातच, पायातले बूट न काढता, तीनदा वाचले. त्यात चार विधाने होती आणि चारही खोटी होती. 'जाणूनबुजून अथवा अजाणतेपणी' या शब्दांत मनुष्यजातीचे आजवरचे प्रत्येक कृत्य बसते, त्यामुळे ते कोणाविरुद्ध काहीच सांगत नाहीत. 'पाच वेळा' म्हणावे, तर नियमबाह्य पिशवी जागेवरच सोडून तिला जी लाल पट्टी लावतात ती मी आमच्या एकाही पिशवीवर पाहिलेली नव्हती. 'प्रत्यक्ष घरी येऊन' म्हणावे, तर घरी कोणी आलेले नव्हते. आणि जबाबदार व्यक्ती या घरात एकच आहे; तिला कोणी काही समजावून सांगितले असते तर ते तिला पक्के आठवले असते, कारण गेल्या कित्येक वर्षांत तिला काही समजावून सांगण्याचे धाडस कोणी केलेले नाही. ती व्यक्ती म्हणजे मी. पत्राच्या शेवटी लिहिले होते, की ही अंतिम सूचना असून पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास सहा महिने आमचा कचरा उचलला जाणार नाही आणि कुटुंबाचे नाव इमारतीच्या प्रवेशद्वाराशी फलकावर लावले जाईल. 'समाधानकारक' हा शब्द मी पेन्सिलीने अधोरेखित केला. कोणाचे समाधान, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

मला राग आला की माझा आवाज खाली येतो आणि अक्षर सुधारते. चाळीस वर्षे मी एका संशोधन संस्थेत जुन्या ग्रंथांच्या हस्तलिखित प्रती शेजारी शेजारी ठेवून, कोणता शब्द मूळ लेखकाचा आणि कोणता नक्कल करणाऱ्याच्या डुलकीतून आलेला, हे ठरवत आलो आहे. निवृत्त झालो तरी मंगळवार ते शनिवार साडेसातला घर सोडतो आणि पाचला परततो. या कामात माणूस एक गोष्ट शिकतो: खोटी प्रत खऱ्या प्रतीपेक्षा नेहमी अधिक नीटनेटकी असते. शिवाय विभागाला माझ्यावर डूख धरायला कारण होते. दोन वर्षांपूर्वी ही नवी व्यवस्था आली: मंगळवारी कागद, गुरुवारी प्लास्टिक आणि धातू, शनिवारी काच, सगळे पारदर्शक पिशव्यांत, पिशवीवर सदनिकेच्या क्रमांकाची चिकटपट्टी, आणि आमच्या रस्त्यावर सकाळी नऊच्या आत फुटपाथच्या कडेला. तेव्हा घरोघर एक बत्तीस पानी पुस्तिका वाटली होती. तिच्यातल्या एकेचाळीस चुकांचे शुद्धिपत्र मी विभागाला पाठवले. पोच आली नाही. नियम मात्र मी ज्या निष्ठेने पाळले तितक्या निष्ठेने ते करणाऱ्यांनीही पाळले नसतील. दह्याचे डबे धुऊन उपडे घातले, बाटल्यांवरचे कागद कोमट पाण्यात भिजवून सोलले, नियतकालिकांच्या पाठीतल्या टाचण्या नखाने उचकटून वेगळ्या बरणीत जमवल्या. संध्याकाळी पिशवीला गाठ मारताना ओल्या पत्र्याचा आणि साबणाचा जो एक संमिश्र वास येतो, त्याने मला ग्रंथाची सूची पुरी झाल्यासारखे वाटे. जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या सदरात जातेच, एवढी खात्री पटायला माझ्या वयाच्या माणसाला फारशी साधने उरलेली नसतात.

घरात आम्ही दोघे: मी आणि माझ्या सासूबाई. हे सांगितले की लोक क्षणभर थांबतात आणि मग सावधपणे "आणि मिसेस?" असे विचारतात. बायको चार वर्षांपूर्वी गेली. ती असताना सासूबाई आमच्याकडेच राहत. ती गेल्यावर त्यांनी कुठे राहावे हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता. मी विचारला नाही, त्यांनीही नाही, आणि त्या न विचारलेल्या प्रश्नावर आमचा संसार, दुसरा शब्द नाही म्हणून म्हणतो, चालू राहिला. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. परगावी बोलायचे तर मधे एक बाई लागे त्या काळात त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षे होत्या. डोक्यावर हेडफोन, समोर भोकांची उभी फळी, हातात दोऱ्या. बायको सांगायची, की आई पाळी संपवून घरी आली तरी तासभर भाजी चिरता चिरता नंबर पुटपुटत असे आणि कोणी हाक मारली तर "बोला" म्हणत असे. आता आमच्या घरात दिवसभरात जी वाक्ये बोलली जातात ती एका पोस्टकार्डावर मावतील. भांडण म्हणाल तर नाव नको. आम्ही एकमेकांशी अतिशय चांगले वागतो. त्या खोलीत आल्या की मी पाय खाली घेतो. मी बसल्याशिवाय त्या जेवायला बसत नाहीत आणि त्या बसल्याशिवाय मी बसत नाही, त्यामुळे कधीकधी पाने वाढून झाली तरी दोघेही उभेच असतो. भाजीत मीठ दोनदा पडले तरी मी ताट स्वच्छ करतो आणि तांब्याभर पाणी पितो. कचऱ्याच्या दिवशी सकाळी मी निघाल्यावर, मी बांधून ठेवलेली पिशवी त्या खाली नेऊन ठेवतात. तेवढेच पाय मोकळे होतात, म्हणतात.

त्या संध्याकाळी मी त्यांना विचारले. त्या चष्म्याच्या काचा पदराने पुसत होत्या.

"सासूबाई, कचरा विभागाच्या कोणी बाई आपल्याकडे कधी आल्या होत्या का?"

"कोणत्या बाई?"

"तेच तर विचारतोय."

"दुपारी दाराशी कोण ना कोण येतच असतं. मीटरवाला येतो, पत्ता चुकलेला येतो. तुम्ही एवढे कशानं तापलाय?"

"मी तापलेलो नाही."

"मग कानाच्या पाळ्या लाल कशानं झाल्या?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिले. "जेवून घ्या आधी. रिकाम्या पोटी सरकारशी भांडू नये."

प्रश्नाला प्रश्नाने उत्तर मिळाले हे माझ्या लक्षात आले होते. पण ज्या साक्षीदाराकडून काही हाती लागेल अशी अपेक्षा नसते त्याची उलटतपासणी आपण करत नाही. मी जेवलो आणि दुसऱ्या दिवशी संस्थेत न जाता विभागाच्या कचेरीत गेलो. नोंदवही सांभाळणारा कारकून खिडकीआड बसून पेनाच्या टोपणाने कान खाजवत होता.

"काका, नोंदवही बाहेर देत नाहीत."

"मग मी आत येतो."

"आत खुर्ची नाही."

"मी उभ्यानं वाचतो. उभ्यानं मी चारचारशे पानं वाचली आहेत."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले, एक सुस्कारा सोडला आणि झेरॉक्सचे यंत्र सुरू केले. "घ्या. पण मी दिल्या म्हणून कुठं बोलू नका. तुमच्यासारखे दोन जण महिन्यात आले तर मला रजाच टाकावी लागेल."

त्या पाच पानांनी मला जो आनंद दिला तो कबूल करायला आज लाज वाटते. माझे रागाचे दिवस संपले आणि कुतूहलाचे सुरू झाले. पाच नोंदी, पाच वस्तू: काचेच्या पिशवीत विजेचा बल्ब, कागदाच्या पिशवीत तेलकट खोका, पुन्हा काचेत आरशाचा तुकडा, प्लास्टिकमध्ये औषधाच्या गोळ्यांची पट्टी, आणि शेवटी काचेत कान तुटलेला चिनी मातीचा कप. वस्तूंची ही रांग मला ओळखीची वाटली. मी पुस्तिका काढली. 'काय टाकू नये' या प्रकरणातले चौथ्यापासून आठव्यापर्यंतचे नियम: बल्ब, तेलकट कागद, आरसा, औषधाची पट्टी, चिनी माती. एकही नियम वगळलेला नाही, एकही मागेपुढे नाही. चुकणारा माणूस पुस्तिकेच्या क्रमाने चुकत नाही. ती शिस्त फक्त त्याच्याकडे असते जो पुस्तिका समोर उघडी ठेवून नोंदवही भरतो. पुढचा रकाना भेटीच्या वेळेचा: चाळीस मिनिटे, पन्नास, पंचेचाळीस. कप कुठे टाकावा हे सांगायला पाऊण तास कोणाला लागतो? त्याच्यापुढे, 'नियम कोणास समजावले' या शीर्षकाखाली, पाचही ठिकाणी 'आई'. माझी आई मी या घरात राहायला येण्यापूर्वीच वारली. आणि सर्वांत शेवटी त्या 'आई'ची सही: एक आडवी रेघ, तिच्यावर दोन वळसे, अखेरीस एक टिंब. पाचही सह्या मी भिंगाखाली धरल्या, एकीवर एक ठेवून उजेडाकडे पाहिल्या. त्या शिक्क्यासारख्या एकमेकींवर बसल्या. जिवंत माणसाचा हात स्वतःची सही पाच वेळा सारखी करत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे. अशी सही एकाच बैठकीत, एकाच हाताने, खोटी केलेली असते.

पुढचे दहा दिवस मी कचऱ्याच्या दिवशी सकाळी अर्धा तास लवकर निघत असे. फुटपाथच्या कडेला पिशव्यांची रांग लागलेली असे, आणि पारदर्शक पिशवी हा किती निर्लज्ज ग्रंथ आहे हे मला प्रथमच कळले. दुसऱ्या मजल्यावरचे एकटे गृहस्थ दोन माणसांचे दूध पितात. समोरच्या डॉक्टरीणबाई रोज एक कोडे असलेले वर्तमानपत्र घेतात आणि कोडे शाईने सोडवतात, म्हणजे त्यांना स्वतःबद्दल शंका नाही. कुठे तरी मूल वाढते आहे, कारण डब्यांवरचे वय दर आठवड्याला पुढे सरकते. पलीकडच्या रस्त्यावर गाडी आधी येई; तिथे हातमोजे घातलेल्या दोन बायका पिशव्या उचलून क्षणभर उजेडाकडे धरत, अगदी मी सह्या धरल्या होत्या तशा, आणि मागे फेकत. मी वहीत टिपणे घेत असे. एवढ्या माणसांमध्ये इतकी वर्षे राहून त्यांच्याविषयी जे कळले नाही ते त्यांनी टाकलेल्यावरून कळत होते, आणि या शोधात काहीतरी अश्लील होते, तरी मला थांबवेना. एकदाच मनाचा तोल गेल्यासारखे झाले. शेवटच्या नोंदीतला कप. मी स्वयंपाकघरात गेलो. भिंतीवर कप टांगायचे सहा आकडे होते आणि पाच कप. मी मोकळ्या आकड्याकडे पाहत राहिलो. सहावा कप होता का? असला तर कधीपर्यंत होता? मला तीनशे वर्षांपूर्वीच्या एका प्रतीतले गहाळ पान कोणत्या शतकात गहाळ झाले हे सांगता येते. माझ्या घरात किती कप आहेत हे मला सांगता आले नाही. सासूबाई आत आल्या आणि "काही हवंय का?" म्हणाल्या. मी "नको, नको, तुम्ही बसा" म्हणालो, आणि तो आकडा पूर्वीपासून मोकळाच असावा असे ठरवून टाकले. माझ्या पेशात याला पुराव्याचा अनादर म्हणतात.

खुलासा चौदा पानांचा झाला, परिशिष्टे धरून सोळा. मार्गदर्शिकेने एकही भेट दिलेली नाही, वस्तू पुस्तिकेवरून उतरवल्या आहेत, नातेवाईक कल्पित आहे आणि सही बनावट आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पिशवीच्या प्रवासाविषयी त्यात एकच ओळ होती: 'घरातील ज्येष्ठ व्यक्तीकडून पिशवी खाली नेली जाते.' चार दिवसांनी अधिकाऱ्याचा फोन आला. "सर, वाचला तुमचा खुलासा. म्हणजे काय, पीएचडीच केलीत तुम्ही आमच्यावर. बाईंना आता ठेवता येणार नाही. सोमवारी दुपारी या, समोरासमोर होऊन जाईल." रविवारी जेवताना मी ही बातमी सासूबाईंना दिली. विजयाची बातमी कोणाला तरी द्यावी लागते.

"त्या बाईंना काढणार आहेत."

"कोणत्या बाईंना?"

"मार्गदर्शिकेला. उद्या माझी सही झाली की विषय संपला."

त्यांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. "काढणार म्हणजे? दुसरीकडे टाकणार?"

"घरी बसवणार. नोकरीत कायम झालेल्या नाहीत त्या अजून. एक ओळ लिहिली की पुरे."

"एवढ्याशा कचऱ्यापायी?"

"कचऱ्यापायी नाही, खोटेपणापायी. जिथं गेल्याच नाहीत तिथं गेल्याचं लिहिलं. जे बोलणं झालंच नाही त्याला पाऊण तास लावला."

"पाऊण तास काही फार नाही," सासूबाई म्हणाल्या.

मी मान वर केली. त्या पाण्याच्या भांड्यात पाणी ओतत होत्या. भांडे भरलेलेच होते.

"सोळा पानं लिहिलीत ना तुम्ही? त्यात ती बाई दिसते कशी, ते कुठं आहे का?"

"मी त्यांना पाहिलेलंच नाही."

"अस्सं." ताटाभोवती सांडलेले पाणी त्यांनी फडक्याने टिपले. "उद्या मीही येते."

"तिथं तीन जिने आहेत. लिफ्ट बंद असते."

"तुम्ही व्हा पुढं. मी येते मागून, हळूहळू."

मी आग्रह केला नाही. आग्रह करणे हे आमच्या घरात आक्रमण समजले जाते.

अधिकाऱ्याच्या खोलीत फडताळावर रंगीत डब्यांची खेळण्याएवढी प्रतिकृती होती आणि तिच्यावर धूळ होती. मार्गदर्शिका भिंतीकडेच्या बाकावर बसल्या होत्या. उंच बाई, पन्नाशीच्या, बोटांना जाड पेनाची काळी शाई, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली. माझी बायको असती तर आज साधारण एवढीच असती, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो अप्रस्तुत म्हणून बाजूला सारला. माझे निष्कर्ष अधिकारी मोठ्याने वाचत होते. बाई ऐकत होत्या, नाही म्हणत नव्हत्या. सहाव्या पानावर दार उघडले आणि सासूबाई चौकटीला धरून धापा टाकत उभ्या राहिल्या.

"अहो मावशी!" मार्गदर्शिका ताडकन उठल्या. "तीन जिने? गुडघ्याचं काय बोललो होतो आपण? कोणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला? बसा आधी. बसा म्हणते ना!"

सासूबाई निमूट बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी चार वर्षांत पाहिलेले नव्हते. त्यांना शरम वाटत होती आणि त्या खूश होत्या.

"तुम्ही ओळखता यांना?" अधिकाऱ्यांनी विचारले.

बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग सासूबाईंकडे, आणि त्यांचा आवाज एकदम सपाट झाला. "नाही, साहेब. म्हातारं माणूस दमून आलं, म्हणून बोलले. माझी चूक झाली असेल तर लिहून टाका. मी सही करते."

एक बनावट विधान माझ्या डोळ्यांसमोर तयार होत होते, आणि ते कोणाला वाचवण्यासाठी आहे हे मला, पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला, त्या खोलीत सर्वांत शेवटी कळले. "काही लिहू नका," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचे पेन घेतले, माझ्या खुलाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक आडवी रेघ ओढली, दोन वळसे, एक टिंब. आणि शेजारी तीच पुन्हा, आणि पुन्हा. "एकतीस वर्षं पाळीच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक," त्या म्हणाल्या. "हात बसलाय."

"तुम्ही यांच्या कोण?"

"सासू."

"मग नोंदवहीत आई कसं?"

"दारात उभं राहून एवढं सगळं कोण सांगत बसतं? आई म्हटलं की पुढचे प्रश्न येत नाहीत."

मी मारलेली गाठ आणि फुटपाथची कडा यांच्यामध्ये एक हात होता. दर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी होता. इतर कोणत्याही ग्रंथाच्या बाबतीत मी पहिली शंका त्या मधल्या हाताची घेतली असती. इथे त्याला मी एका कर्मणी प्रयोगाच्या ओळीत बसवून पुढे गेलो होतो. मी काहीतरी बोलायला तोंड उघडले. अधिकाऱ्यांनी हात वर केला आणि कारकुनाला सांगितले, आजींच्या बोलण्यातला शब्दही बदलू नको. त्या जबाबाने मार्गदर्शिकेची नोकरी राहिली आणि आमचे नाव फलकावर लागले. दोन्ही निर्णय योग्य होते. जबाबाची प्रत मी मागून घेतली आहे. तिच्यात दुरुस्त करण्याजोगे मला काही आढळले नाही.

"पाचही वस्तू मी टाकल्या. जावई पिशवी बांधून ठेवायचे. ते गेले की मी गाठ सोडायची, वस्तू आत घालायची आणि तशीच गाठ परत मारायची. नियम मला सगळे पाठ आहेत, कुठलाही विचारा. एकच चूक दोनदा केली असती तर बाईंना वाटलं असतं, म्हातारीला समजतच नाही, आणि त्यांनी नाद सोडला असता. म्हणून दर वेळी पुढचा नियम घेतला. बल्ब गेलेलाच होता. कपाचा कान मी मुद्दाम तोडला. लाल पट्टीची पिशवी मी वर आणायची, ती वस्तू काढून घ्यायची आणि पुढच्या खेपेला पिशवी परत ठेवायची, म्हणून जावयांना कधी दिसली नाही. पट्टी लागली की या बाई घरी येतात आणि मला रागावतात. मावशी, तुम्ही काय कुक्कुलं बाळ आहात का, म्हणतात. गुडघ्यावरूनही रागावतात, औषध घेतलं नाही म्हणूनही रागावतात. मग पाणी पितात आणि जातात. त्यांनी खोटं काही लिहिलेलं नाही. त्यांना काढू नका, हवं तर आमचा कचरा उचलू नका. माझी मुलगी गेल्यापासून घरात मला कोणी रागावलेलं नाही. आमचे जावई फार सभ्य आहेत."